उजवीकडचा कोरा समास

“त्या बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि मग बोलायला लागल्या,” शहापुरे मॅडम वाचत होत्या.

शनिवार होता. सांगलीच्या आमच्या कॉलेजात शनिवारी दुपारी कॉन्फरन्स असायची. बी.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाची आम्ही अकरा मुलं आणि मॅडम, जुन्या ग्रंथालयातल्या लांब टेबलाभोवती. आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क, आणि प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग. आपण काय विचारलं, समोरचा माणूस काय बोलला, सगळं जसंच्या तसं लिहायचं. पानाचा उजवा तिसरा भाग कोरा सोडायचा, तो मॅडमच्या शेऱ्यांसाठी. दर शनिवारी त्या एक रेकॉर्डिंग मोठ्यानं वाचून दाखवत. लिहिणाऱ्याचं नाव सांगत नसत आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याचंही नसे. फक्त ‘श्रीमती क’ किंवा ‘श्री. म’.

त्या वर्षी जूनपासून तीनदा माझं वाचलं गेलं होतं. त्यामुळे मॅडमनी कागद उचलले की मी थोडी ताठ बसायची.

हे माझं नव्हतं. माझ्या कागदांत टाचण्या कुठून येणार? मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात क्षयरोगाच्या वॉर्डात जात होते.

“‘क : माझी पोरगी हुशार आहे. वाचते फार. मी एक वाक्य बोलले की तिला पुढची दोन माहीत असतात. मग मी गप्प बसते. (शांतता. साधारण दोन मिनिटं.)’” मॅडमनी चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. “ही शांतता बघा. तुमच्यापैकी कुणी शांतता लिहितं का? तुम्ही ती भरून काढता. पद्मजा, तुझ्या मागच्या भेटीत पेशंटची सतरा वाक्यं आहेत आणि तुझी एकेचाळीस. मी मोजली.”

सगळे हसले. मीही हसले. पण माझं लक्ष टाचण्यांवर होतं.

माझी आई साड्यांना फॉल-पिको करायची. फॉल टाचताना ती दहा-बारा टाचण्या ओठांत धरायची आणि आमचं सगळं बोलणं त्या टाचण्यांतून व्हायचं. शाळेतून आले, “हं.” पहिला नंबर आला, “हं हं.” बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर तर मशीन आणि टाचण्या दिवसभर. आईनं त्या तोंडातून काढून कुणाशी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण फॉल-पिको करणाऱ्या बायका सांगलीत काय कमी आहेत, असं मी स्वतःला सांगितलं.

मॅडम पुढं वाचत होत्या.

“‘क : एकदा मी घर सोडून निघाले होते. पोरगी तीन वर्षांची. शेजारच्या वहिनींकडं ठेवली, पेरू आणते म्हणून सांगितलं. स्टँडवर गेले. दोन तास बाकावर बसले. सगळे नवऱ्याच्या ओळखीचे. जो येईल तो विचारतोय, वहिनी, कुठली गाडी? कुठल्या गाडीत बसू सांग. शेवटी पेरू घेतले आणि परत आले.
मी : पेरू कसे होते?
क : (हसल्या.) हे कुणी विचारलं नव्हतं बघ. विकत घेतले नि कुशीत धरून आणले. मी एकसुद्धा खाल्ला नाही.’”

माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. आणि आई एकदा पेरू आणायला गेली नि दोन तास लावले, ही आमच्या घरातली ठरलेली गंमत होती. बाबा पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या मंडळींनी झाड लावून, वाढवून मग पेरू आणले.” आईसकट सगळे हसायचे. मीसुद्धा मैत्रिणींना हे सांगत आले होते.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वैजयंता ऐवळे बसली होती. ती खाली बघत होती आणि अंगठ्याच्या नखानं लाकडाची चीर कोरत होती.

“असं ऐकायला शिका,” मॅडम म्हणाल्या आणि कागद बंद केले.

---

वैजूला आमच्या घरी मीच नेलं होतं. ती जतकडची. हॉस्टेलवर राहायची. तिचं फील्डवर्क आमच्या घरामागच्या वस्तीत होतं, मंगळवारी आणि गुरुवारी. भर दुपारी डबा खायला सावली नाही म्हणाली, तेव्हा मी म्हणाले, “आमच्याकडं जा की. आई असतेच.” ती गुरुवारी वस्तीतल्या बालवाडीत खायची आणि मंगळवारी आमच्याकडं. त्या वेळी मी मिरजेला असायची.

ऑगस्टपासून आईच्या बोलण्यात वैजू यायला लागली.

“वैजू आल्ती आज. डब्यात नुसती भाकरी नि चटणी गं. आमटी घातली वाटीभर.”

“वैजूच्या हाताला शिस्त आहे. दोन साड्यांना टाचण्या लावून दिल्या. तू लावतीस त्या वाकड्या.”

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. एकदा मी उशिरा पोहोचले आणि ताटात भात थोडाच होता. आई म्हणाली, “वैजूला दिला. पोर उपाशी होती.” मी होता तेवढा भात खाल्ला. मी बी.एस.डब्ल्यू.ला होते. उपाशी मुलीला दिलेला भात मोजणं मला शोभलं नसतं.

पण मोजत होतेच. आईनं जुन्या पातळाच्या काठाची एक पिशवी शिवून तिला दिली, ती मोजली. सणाला केलेल्या करंज्यांतल्या आठ हॉस्टेलवर गेल्या, त्या मोजल्या. बाबांचा पितळी पेला, जो माझ्यासाठी कधी फळीवरून खाली निघाला नव्हता, त्यातून ती पाणी पिते हे एका मंगळवारी लवकर घरी आले तेव्हा पाहिलं. आई पाटावर बसली होती आणि वैजू जमिनीवर, पाय पसरून, घरच्यासारखी. मी दारात आले तशी आईनं समोरच्या टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या.

तेव्हा मला ते नुसतं दिसलं. शनिवारी त्याचा अर्थ लागला.

---

कॉन्फरन्स संपल्यावर सायकल स्टँडवर मी तिला गाठलं.

“श्रीमती क कोण गं?”

“पद्मे, मी सांगणारच होते.”

“कधी? माझ्या आईचं परीक्षेच्या पेपरात छापून आल्यावर?”

“हळू बोल की.” तिनं इकडंतिकडं पाहिलं. “माझी केस होती ती बाई ऑक्टोबरात ऊसतोडीला गेली कुटुंबासकट. घराला कुलूप. मॅडमनी दुसरी बघ म्हणून सांगितलं, वस्तीत कुणी बोलंना. काकू बोलत होत्याच माझ्याशी. मी विचारलं त्यांना, लिहू का? म्हणाल्या, लिही की, नाव नको घालू. पाच भेटी लिहून झाल्यात.”

“आणि मला सांगू नको म्हणाली?”

वैजू गप्प झाली. तिची ती प्रसिद्ध शांतता. मी ती भरून काढली.

“तिचं काय ऐकतेस गं एवढं? पाच भेटींत तुला काय कळणार? मी एकोणीस वर्षं आहे त्या घरात.”

“मी काहीच करत नाही,” ती म्हणाली. “नुसती बसते.”

तिनं फुशारकी मारली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. ती खरं सांगत होती.

सोमवारी सकाळी मी शहापुरे मॅडमच्या केबिनमध्ये गेले. वर्गमित्राच्या नात्यातल्या माणसाची केस घ्यायची नाही, असा आमच्या विभागाचा नियम होता. पहिल्याच वर्षी पाठ करून घेतलेला.

“तुझी आई?” मॅडमनी कागद शोधून काढले, पुन्हा चाळले. “तुला कशावरून?”

“टाचण्यांवरून. आणि पेरूंवरून.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, “पद्मजा, हे रेकॉर्डिंग मला रद्द करावं लागेल. टर्म संपायला पाच आठवडे आहेत. तिला पहिल्यापासून नवीन केस घ्यावी लागेल. मार्क जातील. तुला चालेल?”

“मला चालण्याचा प्रश्न नाही मॅडम. नियम आहे.”

“आईशी बोललीस?”

“हो,” मी म्हणाले. बोलले नव्हते.

“मग लिहून दे.”

मी अर्धं पान लिहून दिलं. त्या अर्ध्या पानात एकही वाक्य खोटं नव्हतं. अक्षर सुंदर आलं होतं.

त्याच दिवशी दुपारच्या तासाआधी वैजू माझ्या बाकाशी उभी राहिली. डोळे सुजले होते. ती भांडेल असं वाटलं होतं, त्याची मी तयारी करून आले होते.

“मॅडमनी तुमच्या घरी जायला बंदी केलीय,” ती म्हणाली. “मार्कांचं जाऊ दे. पण पद्मे, समारोपाची भेट राहिली माझी. अशी एकाएकी थांबले तर काकूंना काय वाटंल? एकदाच जाऊन सांगते. दहा मिनिटं.”

हाही नियमच होता. केस बंद करताना शेवटची भेट घ्यायची, आपण आता येणार नाही हे त्या माणसाला तोंडावर सांगायचं, निरोप घ्यायचा. न सांगता नाहीसं व्हायचं नाही. हा नियम मी वहीत लाल शाईनं अधोरेखित केला होता.

“बंदी आहे ना तुला?” मी म्हणाले. “मी सांगते आईला.”

“नक्की?”

“माझीच आई आहे.”

---

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी मिरजेहून लवकर सुटले. आईनं दोन वाट्या मांडल्या होत्या. एकीत आमटी, झाकण ठेवलेली.

“वैजू आली नाही गं?” आईनं विचारलं.

“परीक्षा जवळ आल्यात.”

“मग तुझ्याबी आल्या असतील.”

“माझा अभ्यास झालाय.”

आईनं झाकलेली वाटी माझ्याकडं सरकवली. मी ती आमटी प्यायले. गार झाली होती.

मला वाटलं, आता जागा रिकामी झाली. आता ती माझ्याशी बोलेल. पुढच्या रविवारी मी मशीनसमोर खुर्ची घेऊन बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, मॅडमनी शिकवलं होतं तसं.

“आई, बोल ना.”

“हं?” टाचण्या.

“काहीही. तुझं. तुला काय वाटतं ते.”

“हं हं.” तिनं काठ फिरवून घेतला.

“त्या टाचण्या काढ ना जरा. तू ते पेरू आणायला गेली होतीस ना, मी लहान असताना. तेव्हा तुला कसं वाटलं होतं?”

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ते पाहणं फार वर्षं वाचत राहिले आहे. मग ओठांच्या एका कोपऱ्यातून म्हणाली,

“काय वाटायचंय? आंबट होते.”

आणि पॅडल मारलं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तिनं विचारलं, “वैजू येत नाही गं?” त्याच्या पुढच्याही. मी दर वेळी काहीतरी सांगितलं. गावाला गेलीय. नवीन ठिकाणी फील्डवर्क लागलंय. बरं नाही तिला. आई “असं व्हय,” म्हणायची. दोन महिन्यांत वाट्या मांडायची थांबली. विचारायची थांबली नाही.

वैजूला व्यक्ती सहाय्याच्या, म्हणजे या केसच्या, विषयात काठावर मार्क पडले. मी पहिली आले. पहिल्या आलेल्या मुलीला पुण्याच्या हॉस्पिटलात महिनाभर काम करायला पाठवत, तिथं मी गेले आणि पुढं शिकून तिथंच नोकरीला लागले. ज्यांना बरं होणार नाही असं सांगायचं असतं त्यांच्याजवळ आणि त्यांच्या घरच्यांजवळ बसायचं, हे माझं काम. मी ते बरं करते. शांतता लिहिते. नव्यांना शिकवतेसुद्धा.

आई सांगलीलाच राहिली. दर मंगळवारी दुपारी तिचा फोन यायचा. आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून, मग मोबाइलवरून. इतर दिवशी मी केला तर तिचे शब्द टाचण्यांतून गाळून येत. निम्मे मला अंदाजानं लावावे लागत. मंगळवारचा फोन स्वच्छ ऐकू यायचा. मला वाटायचं, मंगळवारी तिला काम कमी असेल. जेवलीस का, पाऊस आहे का, पाहुण्यांत कोण आजारी आहे, आणि शेवटी, “वैजू भेटती काय गं कधी?”

“नाही गं आई. कुठं असते कोण जाणे.”

“असं व्हय,” ती म्हणायची. फोन लगेच ठेवायची नाही. मला मीटिंग असायची. मीच ठेवायची.

---

आई गेल्या पौषात गेली. झोपेत. मी पुण्यात होते. शेजारच्या वहिनींनी फोन केला, ज्यांच्याकडं मला ठेवून ती पेरू आणायला गेली होती.

पाचव्या दिवशी दुपारी वैजू आली. केस निम्मे पांढरे, खांद्याला आईनं शिवलेली पातळाच्या काठाची पिशवी, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली. जतला बायकांच्या समुपदेशन केंद्रात असते म्हणाली. पेपरात वाचलं म्हणाली. आईच्या मशीनजवळ खाली बसली, पाय पसरून. मी पितळी पेल्यात पाणी दिलं.

“हे तुझ्याकडं असू दे,” तिनं पिशवीतून दोन कागद काढले. रेकॉर्डिंगचे, घडीवर पिवळे पडलेले. “मी कुठं दिले नाहीत. देता आले नसते.”

मी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली.

*सहावी भेट. मंगळवार. दुपारी साडेबारा ते एक.*

*मी : काकू, मला इथं यायला बंदी आहे. पण न सांगता बंद करायचं नसतं, म्हणून आले.*

*क : बंदी कुणी केली?*

*मी : कॉलेजनं. पद्मा तुम्हाला सांगते म्हणाली होती.*

*क : तिनं परीक्षा आहे म्हणून सांगितलं. मागच्या मंगळवारी.*

*(शांतता. दोन मिनिटांहून जास्त.)*

*क : तू चिडलीस तिच्यावर?*

*मी : हो.*

*क : चीड. पण तिला बोलू नको काही. जळते ती.*

*मी : माझ्यावर?*

*क : माझ्यापायी. (हसल्या. डोळे पुसले.) माझ्यापायी कुणी जळंल असं मला कधी वाटलं नव्हतं बघ.*

*मी : मग तुम्हीच बोला ना तिच्याशी.*

*क : मी बोलायला लागले की ती पुढचं बोलते. हे जे तिनं केलं, तेवढं एक तिला माझ्याआधी बोलता येत नाही. ते तिनं सांगू दे. मी विचारीन तिला. दर मंगळवारी विचारीन, टाचण्या बाजूला ठेवून. कधीतरी सांगंल. मग मी पेरूचं सांगीन.*

*मी : आणि नाहीच सांगितलं तर?*

*क : नाही सांगितलं तर विचारणं तरी होईल. जेव बघू आता. आमटी गार होतीय.*

खाली तारीख होती. उजवीकडचा समास कोरा होता.

मी खाली बसले. मशीनवर एक हिरवी साडी अर्धा फॉल लावलेली होती, आणि बाजूला टाचण्यांची उशी. मंगळवारी तिला काम कमी नसायचं.

“विचारत होत्या काय गं?” वैजूनं विचारलं.

“अठरा वर्षं,” मी म्हणाले.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. वैजूनं पेला खाली ठेवला. तिला घाई नव्हती. मला मात्र सवयीनं तिचं पुढचं वाक्य सुचलं, त्याचं उत्तर सुचलं, आणि या वेळी मी दोन्ही गिळली. भिंतीवर आईचं घड्याळ होतं. त्याच्याकडं न बघता मला सांगता आलं असतं, दोन मिनिटं झाली.

“आई,” मी म्हणाले. वैजू नाही म्हणाले, आई म्हणाले. वैजूनं दुरुस्त केलं नाही.

मी तिच्याऐवजी त्या उशीकडं बघितलं आणि मग बोलायला लागले.